पेरभर नाचणी

जाईबाईचं नाव काढलं की आमच्या चाळीतले जुने लोक अजून म्हणतात, "हां, ती पोरं सांभाळायची ती!" जसं काही पोरं सांभाळणं म्हणजे दारात बसून माश्या मारणं. माझं तर डोकंच फिरतं. सकाळी सातापासून दुपारी चारपर्यंत दहा बाय बाराच्या खोलीत परक्यांची पाच तान्ही पोरं एकदा सांभाळून बघा म्हणावं, मग बोला.

लालबागला आमची चाळ, तिसरा माळा. माझी खोली एकवीस नंबर, जाईबाईची बावीस. मधे फळ्यांची भिंत, त्यामुळे तिकडे पोर शिंकलं तरी मला इकडे ऐकू येई. बाई मूळची राजापूरकडची. नवरा लवकर गेला. मग वीस वर्षं गिरणीत रिलिंग खात्यात काढली, छातीत दमा भरला, खात्यातून कमी केलं, तेव्हापासून हे पोरांचं काम. पहाटेचा भोंगा झाला की आसपासच्या बाया अंगावरचं पोर तिच्या मांडीवर टाकून गिरणीकडे पळत सुटायच्या. बाई दिसायला बुटकी, वाळकी. बोलणं मोजकं. हसायची वर्षातून दोनदा, गणपतीत आणि शिमग्याला, तेही दात न दाखवता.

पोरं सांभाळणाऱ्या इतर बाया काय करीत ते सगळ्या गिरणगावाला ठाऊक होतं. राईएवढी अफू चाटवायची, पोर दिवसभर निपचीत. जाईबाईनं तसलं कधी केलं नाही. पाचही पोरांनी एकदम भोकाड पसरलं आणि मी भिंतीवर थाप मारली, तर पलीकडून आवाज यायचा, "रडू दे गो कांता. रडतंय म्हणजे जिवंत आहे."

आमची भांडणं व्हायची ती पोराला पहिलं अन्न कुठलं द्यायचं ह्यावरून. मी दादरच्या माहेरची, सातवी शिकलेली, आमचे हे गिरणीत टाइमकीपर. मला मासिकं वाचायची खोड. माझ्या हेरंबाच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात विलायती पिठाचा डबा आणला. डब्यावर गुबगुबीत पोराचं चित्र. जाईबाईनं झाकण उघडलं, हुंगलं आणि म्हणाली, "हे दळलं कुणी?"

"मला काय ठाऊक? तिकडे यंत्रावर दळतात."

"हात धुतलेले होते?"

आता ह्यावर माणसानं काय बोलावं! डबा दोन महिने फळीवर राहिला आणि हेरंब वाढला तिच्या नाचणीवर. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, जात्यावर दळायची आणि जुन्या धुतलेल्या लुगड्याच्या पदरातून गाळायची. दोनदा. त्या पिठाची पळीभर पाण्यात पातळ लापशी. मीठ नाही, गूळ नाही. आणि द्यायची बोटानं. करंगळीशेजारच्या बोटाचं वरचं पेर बुडवायचं, त्याला चिकटेल तेवढंच. तीन दिवस पेरभर. पोट बघायचं, शी बघायची, चौथ्या दिवशी दोनदा.

"चमचा का नको?" मी विचारलं होतं.

"चमचा गार असतो. पोर बिचकतं. बोट त्याच्या ओळखीचं असतं."

पोर तयार कधी झालं, ह्याचीही तिची एक खूण होती. महिने मोजायची नाही. मान धरली की पोराला समोर घ्यायची आणि आपण जेवायला बसायची. पोराचे डोळे ताटापासून तोंडापर्यंत घासाबरोबर वर आले, त्याचेही ओठ हलायला लागले, की म्हणायची, "झालं. ह्याचं पोट मागायला लागलं."

पण तिच्या म्हणण्यावर काही होत नसे. पहिला घास म्हणजे उष्टावण, आणि ते मामाच्या हातचं. मुलगा असेल तर सहाव्या, आठव्या महिन्यात. मुलगी असेल तर पाचव्या, सातव्या, फार तर नवव्या. मामानं यायचं, पोराला मांडीवर घ्यायचं आणि खीर चाटवायची. त्याआधी पोराच्या तोंडाला दुधाशिवाय काही लागायचं नाही. ही रीत आमच्याकडे होती, तुमच्याकडेही असेल.

माझ्या दुसऱ्या अंगाला वीस नंबरात कौसल्या राहायची. वायंडिंग खात्यात कामाला. नवरा धोंडू त्याच गिरणीत, पण इतका गरीब स्वभावाचा की घरात आहे का बाहेर ते कळत नसे. पंचावन्नच्या श्रावणात तिला मुलगी झाली, शेवंती. बाळंतपणानंतर कौसल्या कामावर गेली आणि शेवंती जाईबाईच्या खोलीत आली.

कौसल्येला जगात माहेरचं म्हणून एकच माणूस, भाऊ बुधाजी. गावी पटकीच्या साथीत आईबाप एका आठवड्यात गेले, तेव्हा हा चौदाचा, ही सहाची. पोरीला पाठीवर घेऊन तो मुंबईला आला. करी रोडला दहा-बारा गड्यांच्या खोलीत तिला वाढवलं, आपल्या हातानं भरवलं, वेणी घातली, लग्न लावून दिलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. शेवंती झाली त्या दिवशी तो चांदीचा एक चमचा घेऊन आला, बोटाएवढा. म्हणाला, "पहिला घास माझ्या हातचा. कुणी मधे हात घालायचा नाही." आम्ही हसलो. कोण कशाला हात घालतंय?

उष्टावण ठरलं संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, बावीस जानेवारीला.

त्या जानेवारीत काय झालं ते मी नव्यानं सांगायला नको. सोळा तारखेला रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या रस्त्यावर माणसं, घोषणा, लाठ्या, मग अश्रुधूर, मग गोळ्या. धूर तिसऱ्या माळ्यापर्यंत चढायचा. जाईबाई पाचही पोरांना ओळीनं निजवून त्यांच्या डोळ्यांवर ओली फडकी धरायची, एकाचं वाळलं की दुसऱ्याचं. मी बादलीनं पाणी पुरवत होते. खाली लोक ओरडत होते, "झालाच पाहिजे!" आणि वर ती पोरं रडत होती.

एकोणीस तारखेला, गुरुवारी, बुधाजी करी रोडच्या खोलीतून बाहेर पडला तो परत आला नाही.

रविवारी खीर शिजली नाही. संचारबंदी उठली तसे कौसल्या आणि धोंडू वणवण हिंडले. जखमींच्या यादीत नाव नाही, पकडलेल्यांच्या यादीत नाही. तिसरीही एक यादी होती. त्यातही नाही. पण त्या यादीत नाव नसलेलेही लोक गेलेत असं जो तो म्हणत होता. कौसल्या ऐकून घ्यायची आणि गिरणीत जायची.

चाळीतल्या म्हाताऱ्या तिला म्हणाल्या, "अगो, पोरीचं थांबवू नको. बापाच्या हातानं घास भरव आणि मोकळी हो."

तेव्हा ती जे बोलली ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. म्हणाली, "ज्याला मामा नाही त्याला बाप भरवतो. माझ्या पोरीला मामा आहे. आज दुसऱ्याचा घास तिच्या तोंडात गेला, म्हणजे दादा नाही असं मीच म्हटलं. मी एकदा म्हटलं की तो खरंच जाईल. मी नाही म्हणायची."

तुम्ही म्हणाल, काय हा वेडेपणा. खुशाल म्हणा. मी शिकलेली ना, पण त्या वेळी मला तो वेडेपणा वाटला नाही.

फेब्रुवारी गेला. कौसल्येचं दूध आटत चाललं. दिवसभर उभ्यानं काम, जेवणात लक्ष नाही, डोळ्याला डोळा नाही, दूध येणार कुठून? वरचं दूध कार्डावर मिळायचं ते अर्धी बाटली, त्यात पाणी. शेवंतीची मनगटं आधी बारीक झाली, मग मांड्या. त्वचा सैल पडली. म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काट्यावर ठेवलं, अकरा पौंड. बाई संतापल्या. "दुधावर किती दिवस काढणार? पेज द्या, डाळीचं पाणी द्या, डब्यातलं द्या, काहीही द्या, पण द्या!" कौसल्येनं मान हलवली, जिन्यात बसून रडली आणि घरी येऊन पुन्हा पाणचट दूधच पाजलं.

मी तिला काय कमी बोलले? अद्वातद्वा बोलले. "पोरगी मारशील," म्हटलं. ती म्हणाली, "कांतावैनी, मी कुणाला मारू ते तुम्ही सांगा. पोरीला का दादाला?" मी चडफडत खोलीत आले.

शेवंती आता जाईबाईच्या घासाकडे बघायला लागली होती. टक लावून. ओठ हलवायची. जाईबाईनं काय करावं? ती पोरीकडे पाठ करून जेवायला लागली. भिंतीकडे तोंड करून, घाईघाईनं, चोरासारखी. इतक्या पोरांना समोर घेऊन जेवलेली बाई ती.

शिवरात्र झाली. त्यानंतरच्या सोमवारी अकराच्या सुमारास तिनं भिंतीवर थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मी धावत गेले. ती जेवायला बसली होती, शेवंतीकडे तोंड करून. ताट तसंच.

"बघ," म्हणाली. तिनं घास उचलला, तोंडापर्यंत नेला. शेवंती छताकडे बघत होती. पुन्हा उचलला. पोरीनं नजर वळवलीच नाही.

"मागायचं सोडलंन हिनं," जाईबाई म्हणाली.

मग ती पाटावरच बसून बोलली. इतकी वर्षं हिची शेजारीण मी, ह्या बाईला मूलबाळ झालंच नाही असं समजून चालले होते. अठ्ठावीस सालच्या मोठ्या संपात तिला मुलगा होता. सहा महिन्यांचा झाला, तेव्हा आषाढ. भाऊ गावी. पावसाळ्यात कोकणातल्या बोटी बंद, भाऊ येणार कसा? सासू म्हणाली, थांबायचं. संपामुळे घरात पोटभर नव्हतं, हिच्या अंगावर दूध नव्हतं. थांबली.

"नारळी पौर्णिमा झाली, बोट सुरू झाली, भाऊ आला," ती म्हणाली. "गावच्या तांदळाची पिशवी घेऊन आला. खिरीसाठी. पोर आठ दिवसांपूर्वीच गेला होता."

मी तिचं न शिवलेलं ताट बाजूला सारलं.

ती उठली, हात धुतले, फळीवरची बरणी काढली. चुलीवर पळीभर पाणी ठेवलं. मला म्हणाली, "दार लोटून घे. आणि कांता, नीट ऐक. कौसल्या म्हणते ते खोटं असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही. बुधाजीचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या माथी. तुझ्या नाही, पोरीच्या नाही. माझ्या."

बोटाचं पेर बुडवलं, फुंकलं, पोरीच्या ओठाला लावलं आणि हळूच म्हणाली, "घे गो. हा बुधाजीमामाचा घास."

शेवंतीनं आधी तोंड वाकडं केलं. मग जीभ बाहेर काढली, चाटलं आणि त्या बोटाला असं काही धरलं की सोडेना. मी दाराशी उभी राहून रडत होते. जाईबाईनं बोट सोडवून घेतलं. "पुरे. आज एवढंच," म्हणाली. उपाशी पोरीला पेरभर देऊन थांबणं सोपं नव्हतं, पण ती थांबली. तीन दिवस पेरभर. चौथ्या दिवशी दोनदा. मग तीनदा. प्रत्येक वेळी तेच शब्द, "हा बुधाजीमामाचा घास." वाटी मी माझ्या मोरीत धुवायची, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून.

होळी झाली, पाडवा झाला. शेवंतीच्या गालांवर तजेला आला. हसायला लागली, पाय झाडायला लागली. आम्हाला वाटलं, आता कौसल्येला सांगू. पण झालं भलतंच. एके दिवशी कौसल्या साखरेची वाटी घेऊन चाळभर फिरली. चेहरा उजळलेला. "कांतावैनी, दादा सुखरूप आहे! पोर दुधावर बाळसं धरतेय म्हणजे काय? मी नेम पाळला, देवानं ऐकलं. ही खूणच आहे." जाईबाईच्या हातावरही तिनं साखर ठेवली आणि वाकून पायाला हात लावला.

जाईबाईनं साखर तोंडात टाकली नाही. मूठ मिटून तशीच बसून राहिली. आता सांगायचं कसं? त्या दिवसापासून बाईची झोप गेली. मला भिंतीपलीकडून तिची कूस बदलणं ऐकू यायचं. करी रोडकडून कुणी माणूस येताना दिसला की तिचा चेहरा पांढरा पडायचा. बुधाजीची वाट कौसल्येइतकीच तीही बघत होती, वर भीत होती.

आणि रविवार. रविवारी गिरणीला सुट्टी, शेवंती आपल्या आईजवळ. अकरा वाजले की वीस नंबरात पोर रडायला लागायची. कौसल्या पाजायची, हलवायची, गाणी म्हणायची, पोर थांबायची नाही. "रविवारीच काय होतं हिला?" ती मला विचारायची. मी म्हणायची, दात येत असतील. बावीस नंबरात जाईबाई गुडघ्यांत डोकं घालून बसलेली असायची.

वैशाखात, शेवंतीला नऊ महिने भरले तेव्हा, एका शनिवारी दुपारी बुधाजी आला.

जिन्यावर पावलं ओळखून कौसल्या धावली आणि तिची किंकाळी ऐकू आली. मीही धावले. बुधाजी उभा होता. हाडं राहिलेली, दाढी वाढलेली. सदऱ्याची उजवी बाही कोपराशी दुमडून पिनेनं टाचलेली. आत हात नव्हता.

त्यानं सांगितलं ते थोडक्यात. गोळी लागली, पोलिसांनी उचललं. नोकरी जाऊ नये म्हणून त्यानं भलतंच नाव सांगितलं, त्यामुळे कुठल्या यादीत सापडला नाही. आधी दवाखाना, मग तुरुंग. पत्र? "पत्र कशानं लिहू?" तो म्हणाला. "आणि दुसऱ्याकडून लिहवून तुला काय कळवू? हात गेला म्हणून?"

सगळी चाळ लोटली होती. जाईबाई तिच्या दारात उभी होती, दाराची कडी धरून. ती फक्त त्या टाचलेल्या बाहीकडे बघत होती. मग आत गेली. मी मागून गेले, म्हटलं, "जिवंत आला की! सुटलात तुम्ही." तिनं मला हातानं बाहेर जायला खुणावलं.

रविवारी उष्टावण. कौसल्येनं खीर केली, शेवंतीला नवं झबलं, कपाळाला कुंकू. बुधाजी पाटावर बसला, पोरगी डाव्या मांडीवर, डाव्या हातात तो चांदीचा चमचा. डावा हात शुभ कार्याला चालतो का, अशी कुजबुज झाली. कौसल्येनं एकदा वळून बघितलं, कुजबुज थांबली. जाईबाई बोलावल्यावर आली आणि दाराच्या चौकटीशी बसली.

त्यानं चमचा पोरीच्या ओठाला लावला. शेवंतीनं तोंड घट्ट मिटलं. पुन्हा लावला. मान फिरवली, खीर झबल्यावर. तो घाबरला बिचारा. त्यानं पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाला, "घे गो बाय. हा बुधाजीमामाचा घास."

शेवंतीनं झटक्यात मान वर केली. आ वासला, मोठा. आणि तशीच, आ वासून, खोलीभर कुणाला तरी शोधायला लागली. दाराशी जाईबाई दिसली तशी दोन्ही हात तिच्याकडे पसरले आणि ओठ हलवायला लागली.

दोघीतिघी हसल्या. कौसल्या हसली नाही. तिनं पोरीकडे बघितलं, जाईबाईकडे बघितलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

जाईबाई उभी राहिली. "शिवरात्रीनंतरच्या सोमवारपासून. रोज. ह्याच शब्दांनी." मग तिनं बुधाजीकडे तोंड वळवलं. तिच्या आवाजाला काय झालं होतं मला सांगता येणार नाही, तो तिचा आवाजच नव्हता. "बुधाजी, तुझा हात कधी तोडला रे?"

कौसल्याही तेच मोजत होती, आधी घास की आधी हात.

"एकोणिसला गोळी लागली," बुधाजी म्हणाला. "बावीसला कापला. रविवार होता. शुद्धीवर आलो आणि आधी तेच मनात आलं, आज पोरीचं उष्टावण."

"बावीस जानेवारी?"

"हो."

जाईबाई चौकटीशी पुन्हा खाली बसली. शिवरात्र मार्चातली. जो हात ती आपल्या माथी घेऊन बसली होती, तो तिच्या पहिल्या घासाच्या दीड महिना आधीच गेला होता. ती तोंडात पदर कोंबून रडली. त्या बाईला रडताना मी पहिल्यांदा बघत होते.

बुधाजीला अजून उमज पडत नव्हती. त्यानं बहिणीला विचारलं, "म्हणजे? माझ्यासाठी हिला उपाशी ठेवलीस तू?" कौसल्या झबल्यावरची खीर पुसायला लागली. "अगो, मी तर तुरुंगात रोज म्हणायचो, माझी शेवंती आतापर्यंत भात खायला लागली असेल. तेवढंच एक बरं वाटायचं मला." त्यानं पोरीला छातीशी ओढलं. "दुसऱ्या कुणाच्या घासानं मी मरणार होतो काय? हिनं नसतं दिलं तर आज मी कुणाला भरवलं असतं?"

कौसल्या उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

शेवटी जाईबाईनंच डोळे पुसले. सवयच ती. पोर भुकेली दिसल्यावर तिला राहवेना. "चमचा ठेव," ती बुधाजीला म्हणाली. "बोटानं दे. डावं असलं म्हणून काय झालं? पेरभरच बुडव." त्यानं बोट बुडवलं. शेवंतीनं ते धरलं आणि सोडेना. उष्टावण असं झालं.

पण कौसल्या जाईबाईशी एक शब्द बोलली नाही. लोक पांगले, जाईबाई खोलीत गेली. मला म्हणाली, "उद्या ती पोर आणायची नाही. बरोबर आहे तिचं. आईच्या चोरून दिलं मी."

सोमवारी पहिला भोंगा झाला. बाया आल्या, पोरं टाकून पळाल्या. एक, दोन, तीन, चार. जाईबाई दाराकडे न बघता दुपटी घालत होती. मी गॅलरीत उगाच झाडत होते. सात वाजत आले.

मग वीस नंबरचं दार वाजलं. कौसल्या शेवंतीला घेऊन आली. डोळे सुजलेले. तिनं पोर जाईबाईच्या मांडीवर ठेवली, पण निघाली नाही. तिथंच जमिनीवर बसली.

"रविवारी अकराला रडायची ती ह्याच्यासाठी?" तिनं विचारलं.

"हो."

"इतके रविवार?"

"हो गो."

कौसल्येनं कपाळ गुडघ्यांवर टेकवलं. दुसरा भोंगा झाला. गिरणीचं फाटक आता बंद होणार, तिचा खाडा पडणार, सगळ्यांना कळत होतं. ती उठली नाही.

"मला शिकवा," ती म्हणाली. "रविवारी मी देईन."

जाईबाईनं शेवंतीला खांद्यावर टाकलं आणि फळीवरची बरणी काढली.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली.